दाण्यांवरची खडूची पूड

"संध्याकाळपर्यंत पूड हलली नाही, तर हा जेवतच नाही असं समज," भिंगरी कुजबुजली आणि तिने कापडावर खुणा करायचा खडू चुरून दुकानाच्या दारात टांगलेल्या पिंजऱ्यातल्या दाण्यांवर भुरभुरवला.

दुकानाचे मालक घड्याळजीबाबा खुर्चीत डुलकी घेत होते. अबोली त्यांच्यावर नजर ठेवून होती. खडू तिच्या शिंपीकाकांचा. सुट्टीत ती त्यांच्याकडे आली होती खरी, पण काका-काकू दिवसभर शिवणयंत्रावर मान मोडून बसत. शेजारची भिंगरी एरवी पायाला चाकं लावल्यासारखी कुठेतरी पळालेली असायची. अबोलीला सोबत एकच, घरासमोरच्या या दुकानातला मुठीएवढा पक्षी. पाठ निळी, पोट हळदीसारखं. तो गायचा, ती खिडकीतून शीळ घालायची. चार दिवस झाले, तो पिसं फुगवून गप्प बसला होता.

रुसलाय, असं बाबांचं म्हणणं. वाटी रोज काठोकाठ भरतो, आणखी काय करू?

संध्याकाळी पूड जशीच्या तशी होती. खालचे जुने दाणेही अख्खेच होते. बाबा जुने दाणे न काढताच वर चिमूटभर टाकत आणि वाटी भरलेली पाहून निर्धास्त होत.

"मग आजवर जगला कशावर?" भिंगरीने विचारलं.

अबोलीने पिंजऱ्याच्या गजांवरून बोट फिरवलं. बोटाला चिकट बिया लागल्या. बाहेर, पिंजऱ्याला टेकणारी आंब्याची एक फांदी ताजी छाटलेली होती. दुकानाची काच मळते म्हणून बाबांनीच ती तोडवली होती, आणि तिच्यावर अशाच चिकट बियांच्या फळांचं बांडगूळ होतं. पठ्ठ्या गजांतून चोच काढून त्याचीच फळं खात असणार.

भिंगरी गुडघे सोलवटून आंब्याच्या शेंड्यावर चढली आणि बांडगुळाचा डहाळा घेऊन आली. अबोलीने तो गजांत खोवला. पक्षी हलेना. मग त्याने एक फळ गिळलं, पाठोपाठ दुसरं.

बाबांनी डोळ्याचं भिंग उतरवलं. "चोच देणाऱ्याने चाराही दारात ठेवला होता, आणि मी करंट्याने तो छाटला. पोरींनो, जन्मभर बारीक चाकं बघत आलो, पण नजर तुमची खरी."

दोन दिवसांनी पक्षी गाऊ लागला. आता याचं काय करायचं, असं बाबांनी अबोलीलाच विचारलं. तो गेला की खिडकी मुकी होणार, हे तिला ठाऊक होतं.

"सोडा त्याला," ती म्हणाली.

बाबांनी पिंजऱ्याचं दार उघडलं. निळा ठिपका पानांत दिसेनासा झाला. दुकानात नुसती टिकटिक उरली.

बाबांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस जरा, बाळ. माझ्याशीही कोणी बोलत नाही गं."