लाल दोऱ्याचं जाळं

"बाई, चार वाजले! पाचला मुंबईचे गॅलरीवाले येतील आणि पेटीत फिल्मच नाही!"

प्रेमिला रडायच्या बेतात होती. तीन वर्षं तिनं नागभीडजवळच्या तळ्यावरची मासेमारी एचडीत टिपली होती. एकुलती मूळ हार्डडिस्क आज चंद्रपूरच्या सभागृहात मोठ्या पडद्यावर लागायची होती. पाहुणे रिकाम्या हाती परतले, तर पुन्हा कोण येणार?

खासगी तपास करणाऱ्या अन्नपूर्णाबाईंनी पायात चपला सरकवल्या. "श्रावण, गाडी काढ."

श्रावणला असल्या धावपळीची भारी हौस. बाईंच्या या मदतनीसानं वाटेतच मनात चोर पकडलाही: विक्की, प्रेमिलाची फिल्म गॅलऱ्यांना पोचवणारा.

सभागृहात विक्की कपाळाला हात लावून बसला होता. "काल पेटी देवरावभाऊंकडे दिली, आज तीनला उघडली. मी चोरून काय करू, मॅडम? प्रेमिलाताईंच्या सहीच्या कागदाशिवाय कोणती गॅलरी प्रत घेते? आतापर्यंत सगळ्यांनी नमुन्याची डीव्हीडीच पाहिलीय."

देवराव सभागृहाचा पडदा सांभाळायचा. फिल्ममध्ये मासे धरणारी गिरजाबाई त्याची थोरली बहीण.

"मी पेटी उघडलीच नाई, बाई. डीव्हीडी तेवढी पाह्यली."

"त्यात जाळं कुणाचं आहे हो?" बाईंनी सहज विचारलं.

"गिरजाबाईचंच! लाल दोरा आमच्या गावचा पोचू बांधते म्हनून काय झालं? दुसरा कोनी नाई बांधत काय?"

बाईंनी डीव्हीडी लावली. गिरजाबाई ओळखू येत होती, पण हातातलं जाळं म्हणजे नुसता राखाडी पट्टा. श्रावणनं डोळे फाडफाडून पाहिलं आणि जांभई दिली.

"सापडला चोर," बाई म्हणाल्या.

"विक्की ना?"

"गप रे! तळ्यावर जाळी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येक घर आपल्या रंगाचा दोरा बांधतं. या पुसट डीव्हीडीत दिसतो का दोरा? तो दिसणार मूळ डिस्कमध्येच. देवरावभाऊ, तुम्ही ती आज पडद्यावर लावून पाहिलीत."

देवराव पडद्यामागे गेला. तिथल्या खोक्यातून त्यानं डिस्क काढून दिली.

"पोचूचं जाळं चोरीले गेल्याची बोंब झालती, बाई. थेच माह्या बहिनीच्या हाती! साऱ्या गावानं तिले चोर म्हनलं असतं."

फिल्म पाहायला आलेली गिरजाबाई गावच्या मंडळींसोबत दारात येऊन उभी होती.

"अरे येड्या, माहं फाटलं होतं म्हनून मीनंच नेलं. दुसऱ्या दिवशी पोचूले सांगून अर्धी मासोळी देल्ली. मले इचारलं काऊन नाई?"

पोचू मागे मान डोलावत हसत होता. प्रेमिलानं देवरावच्या पाठीवर हात ठेवला. श्रावणला तर शिटी मारावीशी वाटली.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. गिरजाबाई पहिल्या रांगेत ऐटीत बसली.

"आता लाव, भाऊ. एवढी मोठी मी मलेच कधी दिसली नाई."