बंदुकीच्या कानातलं पीस

हे दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर मीच म्हटलं असतं, झोपेत असशील बाई.

पण मी जागी होते.

आणि त्या सकाळी माझ्या हातून माझा दीर मरायचा राहिला.

एप्रिलचा शेवटचा शनिवार. वेस्ट व्हर्जिनियातली, आमच्या घरामागची टीटर दरी. उजाडायला अर्धा तास होता.

माझा नवरा बर्ल नोव्हेंबरात गेला. ओकचं झाड पाडत होता, ते अंगावर आलं. तेव्हापासून मी रडले नव्हते. चूल पेटवायची, कोंबड्यांना दाणे टाकायचे, दिवा मालवायचा. एवढंच.

दीर ओकी म्हणाला, "वहिनी, यंदा रानटर्की पक्ष्यांच्या शिकारीला त्याची बंदूक घेऊन तू चल. भिंतीवर गंजून जाईल."

"मला जमायची नाही."

"बर्लला जमत होती. म्हणजे कुणालाही जमेल."

मी हसले असेन. आठवत नाही.

बंदूक जुन्या पद्धतीची, चकमकीची. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे. चाप ओढला की ठिणगी पडते, बाहेरच्या प्यालीतलं रंजक, म्हणजे चिमूटभर बारीक दारू, भडकतं आणि आग बारीक भोकातून आत जाते. त्या भोकाला कान म्हणतात. ठासून झालं की बर्ल कानात टर्कीचं पीस खोचायचा. पीस आहे तोवर बार उडत नाही.

मीही खोचलं. झाडाशी बसल्यावर काढलं, टोपीत अडकवलं, प्यालीत रंजक घातलं.

ओकी ओढ्यापलीकडे बसणार होता. जाता जाता म्हणाला, "पाठ झाडाला. टर्कीची हाक आली तरी उठायचं नाही. तशी हाक काढणारा शिकारीही असतो."

"दहादा सांगितलंस."

"अकराव्यांदा सांगतो. मला छर्रे लागले तर तुझी बिस्किटं या दरीत दुसरं कुणी खायचं नाही."

तो गेला. पानांवरचा त्याचा पाय हळूहळू ऐकू येईनासा झाला.

डॉगवुडची फुलं अंधारातही पांढरी दिसत होती. वर कड्यावर टर्कीचा एक नर ओरडला. एकदाच.

मग पाखरं थांबली.

मग ओढाही ऐकू येईना…

आणि हाक आली.

टर्कीच्या मादीची. तीन सरळ… चौथी फाटलेली.

बर्लला पुढचा एक दात नव्हता. अशी हाक काढायला टर्कीच्या पंखाच्या हाडाची पिपाणी तो ओठांनी ओढून वाजवायचा आणि चौथ्या हाकेला वारा निसटायचा. तशी हाक दरीत दुसऱ्या कुणाची नव्हती. शवपेटीचं झाकण लावण्याआधी ती पिपाणी मीच त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली होती.

मला भीती वाटली नाही. खरं सांगते, काहीच वाटलं नाही. बंदुकीवरचे हात माझे आहेत, एवढं कळत होतं.

पुन्हा… तीन. आणि चौथी.

ओढ्यापलीकडून.

झुडपात लाल काहीतरी हललं. नराचं डोकं वसंतात असंच लालभडक होतं. चाळीस पावलं असतील. मी नेम धरला.

चाप ओढला.

भप्पकन रंजक पेटलं. डोळ्यांपुढे धूर.

पण बार…

बार उडालाच नाही.

धूर विरला. समोर ओकी उभा होता. हातात लाल रुमाल. तो डोळे पुसत होता.

टर्कीच्या शिकारीला कुणी अंगावर लाल नेत नाही. हेही मला ओकीनेच शिकवलं होतं.

"उठायचं नाही म्हणाला होतास," मी म्हटलं. जेवायला वाढताना असतो, तसाच माझा आवाज होता.

"तो वाजवत होता, वहिनी. तुझ्या झाडामागून. माझे पायच चालायला लागले."

"माझ्या मागून नाही. तुझ्या मागून."

तो माझ्यापर्यंत चालत आला. मग बंदूक माझ्या हातातून काढून घेतली. कानाशी नख घातलं, हळूच काहीतरी ओढलं…

पीस.

टोक जळालेलं.

मी टोपीला हात लावला. माझं पीस तिथेच होतं.

"बर्लनेच वाचवलं मला," ओकी सगळ्यांना सांगतो. चर्चमध्येही सांगितलं. सासूबाई रडल्या, बायका रडल्या. मी मान हलवली.

त्याला ओढ्यापलीकडून उठवून माझ्या नळीसमोर कुणी आणलं, हे तो विचारत नाही. मीही त्याला विचारलेलं नाही. पीस घालणारा एक आणि हाक देणारा दुसरा, की दोन्ही बर्लच? चौदा वर्षं त्याच्याशेजारी झोपले मी. तरी सांगता येत नाही.

काल ओकी दारात आला होता. पुन्हा एप्रिल आहे.

"शनिवारी दरीत जाऊन बसतो म्हणतोय," तो म्हणाला. "बंदूक नाही नेत. नुसतं ऐकायला."

"नको जाऊस."

"एकदाच, वहिनी. माझा भाऊ आहे तो."

उद्या शनिवार. हाक आली की ओकी उठणार, हे मला माहीत आहे.

या खेपेला ती त्याला कशासमोर नेऊन उभं करणार, ते माहीत नाही.