विशाखाच्या नावावरची रेघ

धावपटू मुलींच्या वसतिगृहात सकाळी साडेपाचला दोन थर्मास यायचे. मोठा चहाचा, सगळ्यांसाठी. लहान एकट्या विशाखा गावितसाठी. तो स्वयंपाकीण सुवर्णाताई पदराखाली लपवून आणायच्या.

संडासाच्या भांड्यात बसवलेला चक्रमापक रोज लघवीतले संप्रेरकांचे अवशेष मोजायचा आणि प्रत्येकीच्या पाळीची रेघ काढायचा. अतिसरावाने, अपुऱ्या जेवणाने पाळी थांबली की रेघ सपाट व्हायची. तीन महिने सपाट राहिली तर हाडं ठिसूळ होण्याआधी सक्तीची विश्रांती. विशाखाचे दोन महिने सपाट गेले होते आणि निवड शर्यत तोंडावर होती. यंत्र अंगठा ओळखायचं, लघवी कोमट आहे का तेही बघायचं. ती कुणाची, हे विचारायची अक्कल त्याला कुणी दिली नव्हती.

"माझी पाळी कधी चुकत नाही," पहिला थर्मास भरून देताना सुवर्णाताई म्हणाल्या होत्या. "लागेल तेवढी ने, पोरी."

शर्यतीच्या तीन दिवस आधी वसतिगृहाच्या डॉ. शर्वाणी देवरेंनी विशाखाला बोलावलं.

"यंत्र म्हणतंय, तू गरोदर आहेस."

विशाखाला हसू आलं. मग थर्मास आठवला. सुवर्णाताईंच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. तीनदा दिवस गेले, एकदाही टिकले नाहीत. आणि या खेपेचं त्यांना अजून ठाऊकही नव्हतं.

"यंत्र चुकलं असेल, मॅडम."

"असेल. मग नोंद पुसते, तू रविवारी धाव. पण खरं असेल तर गर्भ टिकवणारं संप्रेरक फार कमी आहे. आजच औषध हवं, आणि ते किती द्यायचं हे या रेघेवरूनच ठरेल."

डॉक्टरांचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं. विशाखाला भयंकर भीती वाटली.

"पुसू नका. ती रेघ सुवर्णाताईंची आहे."

डॉक्टरांनी आधी रविवारच्या यादीतून विशाखाचं नाव काढलं. मग स्वयंपाकघरात फोन लावला.

सुवर्णाताई पिठाच्या हातांनीच आल्या. बातमी ऐकून मटकन खुर्चीत बसल्या, रडल्या, हसल्या. मग त्यांना कोपऱ्यातली विशाखा दिसली.

"मला औषध आहे. हिची पाळी कशानं येईल, डॉक्टर?"

"विश्रांतीनं. आणि पोटभर जेवणानं."

सुवर्णाताईंनी हातांवरचं पीठ पदराला पुसलं.

"हिचं अर्धं ताट रोज परत यायचं," त्या म्हणाल्या, "आणि मी थर्मास भरत बसले?"