चौदा नंबरची दुसरी मुलगी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या वहिनीबाबत घडलंय, आणि आमची वहिनी थापा मारणाऱ्यांतली नाही.

रविवार होता. दुपारचे तीन. मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसात वहिनी एकटीच काम करत बसली होती. जुन्या डेटाबेसवर नवी वेबसाइट उभी करायची होती. एका टेबलात, म्हणजे तक्त्यात, खोल्या, दुसऱ्यात मुली. टेबलातली एकेक ओळ उचलून प्रोग्राममध्ये तिचं ऑब्जेक्ट, म्हणजे पडद्यावर दिसणारी चालती प्रत, करायचं. खोली उघडली की तिच्यातल्या मुली आपोआप दिसायला हव्यात, एवढंच.

तिची धाकटी बहीण चिमी आदल्या दिवशीच वरच्या मजल्यावर चौदा नंबरच्या खोलीत राहायला आली होती. सुट्टीमुळे बाकी मजला रिकामा. म्हणून वहिनीने तपासायला चौदा नंबरच उघडला.

मुली... दोन.

टेबलात पाहिलं. एकच ओळ. चिमीची.

पुन्हा खोली उघडली.

दोन. दुसरीचं नाव कोरं, आल्याची तारीख कोरी.

"माझंच काहीतरी चुकलंय," असं पुटपुटत तिने खोली आणि मुलींची जोडणी नीट केली आणि सवयीने सेव्ह दाबलं. इथेच तिने माती खाल्ली. सेव्ह केलं की ऑब्जेक्टमध्ये जे असेल ते टेबलात लिहिलं जातं. जी नुसती पडद्यावर होती, तिला वहिनीने आपल्या हाताने टेबलात ओळ दिली.

वरच्या मजल्यावर... कॉट सरकली.

मग चिमीचा फोन.

"ताई, ही आत्ता आली ती कोण गं? बोलत काहीच नाही. समोरच्या कॉटवर बसलीये नुसती."

"तू बाहेर ये आधी. आहेस तशी ये."

"अगं, दार... उघडत नाहीये."

वहिनीने ती नवी ओळ निवडून डिलीट दाबलं. पडद्यावर सूचना आली. ती तिने कधीच लिहिली नव्हती.

'या नोंदीला जोडलेली एक नोंदही पुसली जाईल. पुढे जायचं?'

जोडलेली नोंद चिमीची होती.

तिने 'नाही' दाबलं. वर दार उघडल्याचा आवाज आला.

चिमी त्याच दिवसापासून आमच्याकडे राहते. ठणठणीत आहे. चौदातल्या दोन्ही ओळी मात्र अजून टेबलात तशाच आहेत. पण परवा वसतिगृहाच्या रेक्टर बाईंचा फोन आला. सोडून गेलेल्या मुलींच्या नोंदी साफ करायला त्यांनी नवा माणूस ठेवलाय.

चौदाला हात लावू नका, असं वहिनीने त्याला बजावलंय. तो हसून हो म्हणाला.

काल त्याच्या बारा खोल्या झाल्या होत्या.