तिसरे बटण

आखातातल्या मुहर्रकच्या या घरात माझ्या शब्दाबाहेर काही घडत नाही, हे मी अभिमानाने सांगते. सात किल्ल्यांचे जुडगे चाळीस वर्षे माझ्या कमरेला आहे.

माझी नात जिकरा हिला ग्लासगोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. होकार कळवण्याचा तो शेवटचा दिवस. जुम्म्याच्या जेवणानंतर तिने माझ्यासमोर दोन लाकडी फळ्या मांडल्या. प्रत्येकीवर तीन बटणे आणि एक दिवा. बटणांखाली चिठ्ठ्या: गुण, वसतिगृह, आपलं माणूस.

“ही अब्बांची विचार करायची रीत. कोणतंही एक बटण चालू, की दिवा लागला.”

माझा मुलगा जुनैद, सलमाबादच्या वर्कशॉपमधला इलेक्ट्रिशियन, ओशाळून हसला.

“आणि ही तुमची, दादी. तिन्ही चालू असतील तरच.”

इतक्या थोड्या तारांत इतके अचूक मला कोणी ओळखले नव्हते. ऊर भरून आला. तिने माझ्या फळीवरची पहिली दोन बटणे चालू केली.

“तिथे आपलं माणूस आहे?” मी विचारले.

“नाही, दादी.”

तिसरे बंदच राहिले. दिवाही.

“पाहिलंस? तुझं यंत्रसुद्धा माझंच ऐकतं. जायचं नाही.”

जिकराचे डोळे भरले. पण ती गयावया करणारी नव्हे. माझीच नात.

तेवढ्यात दिवा लागला.

“हात लावलास?” जुनैदने विचारले.

“नो, अब्बा.”

त्याने फळी उलटून एकेक जोड तपासला. पहिले बटण बंद केले, दिवा विझला. ते चालू करून दुसरे बंद केले, तरी विझला. दोन्ही चालू करताच पुन्हा लागला.

“अम्मा, फॉल्ट मफी, काहीच बिघाड नाही. तिसरं चालू असल्यासारखंच वागतंय.”

त्याने तिसऱ्याची तारच उपटली.

दिवा तेवतच राहिला.

जिकराचा फोन वाजला. वसतिगृहाच्या बाई होत्या. ऐकता ऐकता तिचा आवाज बारीक झाला.

“दादी, त्या म्हणतात, तुझी आजी आज सकाळी येऊन गेली. खिडकीची कडी ओढून पाहिली. पलंग दारासमोरून हलवायला लावला. इंग्लिश येत नव्हतं, तरी सगळ्यांनी ऐकलं.”

तिने फोन पुन्हा कानाला लावला.

“आणि चौदा नंबरच्या खोलीची किल्ली आजीला परत द्यायला सांग म्हणाल्या.”

तिथे येऊन गेलेल्या त्या आजीच्या कामात मला खोट दिसेना. पलंग मीही हलवला असता.

“जा,” मी म्हटले. “आपलं माणूस आहे तिथे.”

जिकरा गळ्यात पडली. कमरेला काहीतरी बर्फासारखे गार लागले. सवयीने मी किल्ल्या चाचपल्या.

आठ होत्या. आठवीवर चौदाचा आकडा कोरलेला होता.