कादरभाईंची बाही

कान्हे गावातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात हत्यारं दुरुस्त करायला कादरभाई यायचे. ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी चिमटीत धरायला कात्रीसारखी आर्टरी असते ना, तिच्या मुठीशी बारीक दाते असतात. दाबली की कट् कट् करत अडकतात; मग हात सोडला तरी पकड सुटत नाही. दाते नीट केले की कादरभाई ती स्वतःच्या बाहीला अडकवायचे आणि हात दोनदा जोरात झटकायचे.

"माझी बाही सोडली न्हाई, सिस्टर, तर रगत बी सोडायची न्हाई."

"शर्टाची पार चाळण झालीय, भाई!" मी चिडवायची.

उन्हाळ्यात ते वारले. दुसरा माणूस मिळेना, म्हणून दाते झिजलेल्या आर्टऱ्या मी वेगळ्या डब्यात टाकत गेले.

परवा दुपारी त्यांची लेक शहिस्ता बाळंतपणाला आली. बाहेर पावसाळी धुकं असं दाटलेलं, की अंगणातली रुग्णवाहिकाही दिसत नव्हती. सिझर झालं, मुलगी रडली, पण शहिस्ताचं रक्त थांबेना. स्पिरिटच्या वासावर रक्ताचा वास चढला. पोर जन्मतःच आईविना होते की काय! डॉक्टरांनी हात पुढे केला. मी ट्रेमधली आर्टरी दिली.

कट्... कट्... कट्.

रक्त थांबलं. टाका बसेपर्यंत पकड जराही ढळली नाही. शहिस्ता वाचली.

नंतर हत्यारं धुताना मी ती उजेडात धरली. त्या आर्टरीच्या मुठीशी एकही दाता नव्हता. आमच्या मावशी नंदाबाईंनी टाकाऊ डब्यातल्या आर्टऱ्याही चांगल्या हत्यारांबरोबर उकळून ट्रेमध्ये लावल्या होत्या. मी ती माझ्या बाहीला लावून पाहिली. पडली. पुन्हा लावली. पुन्हा पडली.

"मावशी, मग मघाशी ही... अडकली कशी?"

"मला काय ठावं, सिस्टर... आवाज तर मी बी ऐकला."

मला राहवेना. वॉर्डात शहिस्ता गाढ झोपली होती. पाळण्यातल्या बाळाला तिच्याच ओढणीत गुंडाळलं होतं. ओढणीच्या लोंबत्या टोकाला मी हलकेच तीच आर्टरी लावली.

कट्... कट्... कट्.

मी हात काढून घेतला. ती तशीच लटकून राहिली. भ्यायला हवं होतं, पण माझे डोळे भरून आले. नकळत मी हात जोडले.

तेवढ्यात ओढणीचं ते टोक जोरात झटकलं गेलं. एकदा. मग पुन्हा एकदा.

खिडक्या बंद होत्या. बाळ शांत झोपलं होतं. आर्टरी सुटली नाही.