डाव्या बाजूला कोण होतं?

रात्रीचे पावणेदोन. तोंडाशी रुंद आणि आत निमुळती होत गेलेली गल्ली, दोन्ही अंगांना घरं, आणि मधोमध अडकलेला फरशांचा दहा चाकी ट्रक. गेल्या थंडीच्या आदल्या थंडीतली गोष्ट.

ज्याच्यावर हे गुदरलं तो माझ्या मेहुण्याचा शेजारी. अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणतात. हा गडी दारूला शिवत नाही, फुकट बडबडत नाही. तेव्हा हसायचं असेल तर पोरांनो, आत्ताच हसून घ्या.

काम साधं होतं. उजाडायच्या आत फरशा गोदामात पोचवायच्या. क्लीनर तापाने फणफणलेला, म्हणून पैलवान एकटाच निघाला. मोठ्या रस्त्यावरचा पूल दुरुस्तीसाठी बंद. बंद म्हणजे काय, तर एक पिंप आडवं टाकलेलं आणि त्यावर बाण. बाण कुठे? थेट वस्तीत! ज्याने तो लावला त्याने ती गल्ली कधी डोळ्यांनी पाहिली होती का? नकाशावर पाहिली असेल. नकाशावर गल्लीही रेघ आणि हमरस्ताही रेघ. आणि एवढं करून गाडी अडकली की दोष कुणाचा? ड्रायव्हरचा.

तर पैलवान आत शिरला आणि वळणावर फसला. डावी बाजू एका लांबलचक घराच्या भिंतीला घासून बसली. डावा आरसा मोडला. उजवीकडे घरांचे ओटे, त्यामुळे दारही उघडेना. वर विजेची तार तुटली आणि सगळी गल्ली काळोखात बुडाली.

लोक जागे झाले. ट्रकच्या मागे गर्दी जमली आणि प्रत्येकजण वाहतूक पोलीस झाला.

"डावीकडे कापा!"

"अरे डावीकडे भिंत आहे, डोळे फुटले का तुझे? उजवीकडे!"

"माझ्या ओट्याला धक्का लागला ना, तर बघ!"

तेवढ्यात समोर दिव्यांच्या झोतात एक माणूस धावत आला. बनियनवर, गळ्यात मोजमापाची टेप तशीच लोंबत होती. त्या गल्लीतला शिंपी. त्याने काचेवर दोन्ही हात टेकले.

"दादा, गाडी काढा हो. बायको बाळंत होतेय. रक्त जातंय तिचं. अँब्युलन्स तुमच्या मागे उभी आहे."

"दुसऱ्या बाजूने आणा की!"

"तिकडे गटारासाठी खोदून ठेवलंय. ठेकेदार चार महिने फिरकला नाही. तुमच्या गाडीखालून मी सरपटेन, तिला कसं आणू?"

पैलवानाने मान उजव्या खिडकीतून बाहेर काढली आणि ओरडला, "सगळे गप्प बसा! कुणीतरी एकानेच हात मारा. दोन थापा, येऊ दे. एक थाप, थांब. बाकी कुणी चकार शब्द काढायचा नाही!"

ट्रकवाल्यांची ही जुनी रीत. आरशात दिसलं नाही तर पत्र्यावरच्या हातावर विश्वास ठेवायचा.

गर्दी गप्प झाली.

थप. थप.

पैलवानाने गाडी मागे सोडली. भिंत पत्र्याला घासत किंचाळली. थप, थप... येऊ दे. तो येत राहिला. एक थाप. तो थांबला. चाक जरा फिरवलं. थप, थप. हात मारणारा पक्का जाणकार होता. पैलवानाला बरं वाटलं. चला, एक तरी शहाणा निघाला.

थप, थप.

मग त्याच्या ध्यानात आलं, की आवाज मागून येत नाहीये.

डावीकडून येतोय.

डावीकडे तर भिंत होती. भिंतीला चिकटलेला पत्रा. मधे वर्तमानपत्राची घडी शिरणार नाही.

थप... थप...

आवाज पुढे सरकत होता. मागच्या चाकापासून मधल्या फळीपर्यंत. फळीपासून... केबिनच्या पाठीपर्यंत.

पैलवानाने डावीकडे पाहिलं नाही. पाहवेना. मान उजवीकडेच ठेवली. पाय मात्र हुकूम पाळत होते.

थप, थप. आता अगदी डाव्या खिडकीशी.

येऊ दे...

आणि मग एकच थाप. अशी जोरात, की केबिन हादरली.

त्याने ब्रेकवर उभं राहून गाडी रोखली.

गाडीच्या पोटातून चिरका आवाज आला, "थांबा... थांबा हो... मी खाली आहे!"

शिंपी. अँब्युलन्समधल्या नर्सबाईंना तरी खालून आत न्यावं, म्हणून तो सरपटत निघाला होता. पैलवानाचं तोंड मागे होतं, त्याला दिसलाच नाही. पुढचं चाक शिंप्याच्या पोटरीला टेकलं होतं. नुसतं टेकलं होतं.

लोकांनी त्याला मागून ओढून काढलं. पैलवान स्टिअरिंग धरून बसून राहिला. पुढे काय करावं कळेना.

थप. थप.

त्याने गाडी सोडली. ट्रक बाहेर आला, अँब्युलन्स आत गेली. मुलगी झाली. आई सुखरूप आहे, पोरगी आता घरभर दुडदुडते.

पैलवान खाली उतरला तो थेट गर्दीत शिरला. "तो हात मारणारा कुठाय? त्याच्या पाया पडायचंय मला."

लोक एकमेकांकडे बघू लागले.

"तुमचाच माणूस ना तो?" ओटेवाला म्हणाला.

"मी एकटा आलोय."

"तुम्हीच दम भरलात ना, की एकानेच... आम्हाला वाटलं, तुमचा क्लीनर असेल. आमच्यातल्या कुणी गाडीला बोटही लावलं नाही."

अँब्युलन्सचा दिवा तेवढा भिंतीवर फिरत होता.

बाण कुणी लावला, म्हणून मी रस्ते खात्यात विचारलं. "आम्ही नाही," म्हणाले. नगरपालिकेत विचारलं. तेही "आम्ही नाही." पिंप कुणाचं, तेही कुणाला माहीत नाही. गुन्हा मात्र पैलवानावर, हयगयीने गाडी चालवल्याचा.

आठवड्याने ट्रक रंगवायला गॅरेजात गेला. डावी बाजू मागपासून पुढपर्यंत भिंतीने खरवडली होती, आतला पत्रा उघडा पडला होता. रंगारी वाकून बघत राहिला. मग त्याने पैलवानाला जवळ बोलावलं.

त्या खरवडलेल्या पट्ट्यात जागोजागी जुना निळा रंग शाबूत होता. ओरखडासुद्धा नाही. प्रत्येक ठिकाणी एकाच आकारात, पाच बोटं आणि तळवा.

"भिंत घासत होती," रंगारी म्हणाला, "तेव्हा मधे हात कुणाचा होता?"